कोस्ट-डाऊनचे दोन आकडे आणि ब्रेकमधली एक रबरी रिंग

नव्या गाडीचं मायलेज प्रयोगशाळेत मोजतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. गाडी रोलरवर चढवायची, ड्रायव्हरनं पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग धरायचा आणि सायलेन्सरमधून येणारा धूर मोजायचा. आपल्याकडची ही रेषा ११८० सेकंदांची आहे आणि तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. पण ही गाडी खऱ्या रस्त्यावर किती जड जाते, हे रोलरला कसं कळणार? हवा तिला किती अडवते, टायर किती ताकद खातात, हा हिशेब त्याला बाहेरून पुरवावा लागतो. तो मिळवण्याची रीत म्हणजे कोस्ट-डाऊन. मोकळ्या, सपाट ट्रॅकवर गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल करायची आणि आपोआप मंदावू द्यायची. किती सेकंदांत किती वेग उतरला, यावरून तिला होणारा विरोध काढायचा.

रीत सोपी आहे, पण मोटार कंपनीच्या संशोधन विभागात या आकड्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी इंजिनावरूनही होत नसावीत. खाली दिलंय ते असंच एक प्रकरण. कंपनी मोठी आहे, नाव देत नाही. चाचण्या इंदूरजवळ पिथमपूरला झाल्या आणि मी त्या टीममध्ये होतो. गाडीचे खरे आकडे कंपनीच्या मालकीचे आहेत, म्हणून इथे ११०० किलोची एक साधी पेट्रोल गाडी धरून गोल आकड्यांत हिशेब मांडतो. प्रमाण तेच ठेवलंय.

सगळे खूश होते, तीच अडचण होती

पिथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र आहे. तिथला मोठा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, ११.३ किलोमीटरचा आहे, १६ मीटर रुंद, चार लेनचा. २९ जून २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या समोरासमोरच्या दोन सरळ बाजूंवर गाडी उलट दिशांनी जाते, त्यामुळे मंद वारा असला तर तो बराचसा आपोआप तोलला जातो. तरीही आम्ही पहाटच धरायचो. इंदूरहून अंधारात निघायचं, राऊला चहा, आणि उजाडता उजाडता ट्रॅकवर. मालव्यात उन्हाळ्यात दुपारचा पश्चिमेचा वारा असा सुटतो की मोजमापाचं नाव काढायची सोय राहत नाही.

पहिली चाचणी जानेवारीत झाली, हवा १० अंशांच्या आसपास असताना. दुसरी मे महिन्यात, पहाटेच २६ अंश होते. मे महिन्यात ओव्हल दुसऱ्या गाड्यांसाठी आधीच ठरलेला होता, म्हणून आम्हाला एक आखूड सरळ ट्रॅक मिळाला. गाडी तीच, टायर तेच, ड्रायव्हरही तेच. दोन्ही खेपांचे कच्चे आकडे एकमेकांवर ठेवले तर जवळजवळ जुळत होते. प्रोजेक्टच्या मुख्य माणसानं मेल टाकली, मोजमाप पक्कं आहे, पुढे चला.

आमच्यातली सर्वांत नवी इंजिनियर मुलगी, लोकमान्यनगरात वाढलेली आणि इंदुरातच शिकलेली, ती मात्र अडून बसली. तिचं म्हणणं एवढंच होतं: "सर, हे जुळायलाच नको होते."

आणि ते बरोबर होतं. टायरचं रबर थंडीत कडक असतं आणि फिरताना जास्त ऊर्जा खातं. नियमांच्या पुस्तकात यासाठी जो गुणक आहे तो दर अंशाला सुमारे ०.८६ टक्के. १६ अंशांच्या फरकात टायरचा विरोध जवळजवळ १४ टक्के बदलतो. शिवाय थंड हवा दाट असते. इंदूरच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, १० अंशांची हवा २६ अंशांच्या हवेपेक्षा साडेपाच टक्क्यांहून थोडी जास्तच जड भरते. म्हणजे जानेवारीत गाडी लवकर मंदावायला हवी होती आणि मे महिन्यात जास्त लांब घरंगळायला हवी होती. तसं झालं नाही. मे महिन्यात कुठून तरी जादा विरोध येत होता आणि उन्हाळ्यानं दिलेली सूट तो खाऊन टाकत होता.

दोन्ही आकडे २० अंशांच्या ठरावीक हवेवर आणले तेव्हा तो उघडा पडला. आमच्या मानलेल्या गाडीच्या भाषेत बोलायचं तर सुमारे २० न्यूटन, म्हणजे दोन किलोच्या वजनाएवढा जोर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या गाडीच्या टायरचा एकूण विरोधच ११० न्यूटनच्या आत आहे. २० न्यूटन १०० किलोमीटरभर ओढायचे तर २० लाख ज्यूल लागतात. इंजिन पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं, असं धरलं तर हे १०० किलोमीटरला पाव लिटर पेट्रोल झालं. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी १९ वर येते. गिऱ्हाईक याच एका किलोमीटरसाठी शोरूममध्ये तासभर हुज्जत घालतं. वर कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर सरकारची मर्यादा आहे. २०२२-२३ पासून ती किलोमीटरला ११३ ग्रॅमवर आली, त्याआधी १३० होती. त्या हिशेबात एकेक ग्रॅम मोजून मागितला जातो.

फरकाचा आकार

अशा वेळी पहिला सल्ला येतो तो सरासरी काढायचा. तो आलाही. माझं मत असं, की दोन मोजमापांत न समजलेला फरक असताना काढलेली सरासरी तिसरा चुकीचा आकडा जन्माला घालते, आणि तो पहिल्या दोघांपेक्षा जास्त सभ्य दिसतो म्हणून टिकतो.

सरासरीऐवजी फरक वेगानुसार मांडून पाहिला. गाडीला होणारा विरोध ढोबळपणे तीन भागांत विभागता येतो: वेगाशी संबंध नसलेला, वेगाच्या प्रमाणात वाढणारा, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा. हवेचा विरोध तिसऱ्या खात्यात जातो. वेग तिप्पट झाला की तो नऊपट. म्हणजे गोंधळ हवेचा असता, वाऱ्याचा झोत असता, खिडकी थोडी उघडी राहिली असती, तर ताशी ३० ला फरक नगण्य आणि ९० ला मोठा दिसला असता. आमचे दोन्ही वक्र मात्र समांतर होते. ३० ला २० न्यूटन, ९० लाही २० न्यूटनच. हवेचं नाव यादीतून तिथेच कटलं.

उरले ते वेगाशी देणंघेणं नसलेले. टायरमधली हवा, चाकांची अलाइनमेंट, बेअरिंग, ट्रॅकचा पृष्ठभाग आणि ब्रेक. टायरप्रेशर दोन्ही वेळा थंड टायरवर भरलेलं होतं, नोंद होती. अलाइनमेंट पुन्हा तपासली, ठीक निघाली. बेअरिंग असं ऋतू पाहून वागत नाही. पृष्ठभागावर मात्र माझा स्वतःचा संशय होता, कारण ट्रॅक बदलला होता आणि खडबडीत पृष्ठभागावर टायर जास्त ऊर्जा खातो हे सिद्ध आहे. ब्रेकचं नाव यादीत होतं, पण शेवटी. कोस्ट-डाऊन म्हणजे ब्रेक न लावता गाडी सोडणं, मग त्यात ब्रेक येतो कुठे?

हे सांगितलं ड्रायव्हरकाकांनी. तीस वर्षं गाड्या चालवलेला, रामबागेतला माणूस. आम्ही सगळे लॅपटॉपवर वाकलेले असताना त्या मुलीनं त्यांना सरळ विचारलं, "काका, दोन ट्रॅकवर चालवताना तुम्हाला फरक काय वाटला?"

"ताई, ओव्हलवर ब्रेकला पाय लावायची वेळच येत नाही. गोल फिरत राहायचं. इथं दर खेपेला टोकाशी दाबून थांबवतो, तेव्हा कुठं वळते."

आमच्या लॉगशीटवर वारा होता, तापमान होतं, हवेचा दाब, टायरप्रेशर, टाकीतलं पेट्रोल, सगळ्याला रकाना होता. दोन रनच्या मधे गाडीचं काय केलं, याला रकाना नव्हता. संशोधनात ज्या गोष्टीला रकाना नसतो ती घडलेलीच नसते, हा आजार सगळीकडचा आहे.

त्याच ट्रॅकवर दोन्ही प्रकार

शंका आली म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. ट्रॅकही बदलला होता आणि ब्रेकची सवयही बदलली होती. दोन्ही एकदम बदलल्यावर दोष कुणाचा, हे कागदावर ठरत नाही. म्हणून त्याच सरळ ट्रॅकवर, त्याच गाडीला दोन तऱ्हेनं चालवलं. काही रनआधी काकांनी टोकाशी नेहमीसारखा दाबून ब्रेक लावला. काही रनआधी गाडी लांबूनच मंदावत आणून, गिअरवर उतरवून, ब्रेकला पाय न लावता वळवली. क्रम मुद्दाम मिसळला, नाही तर टायर तापत जातात आणि त्याचं श्रेय भलत्यालाच मिळतं.

दोन्ही तऱ्हांमध्ये दरी पडली. पण ती पूर्ण २० न्यूटनची नव्हती. ब्रेक न लावलेले रनसुद्धा जानेवारीपेक्षा थोडे वरच राहिले. म्हणजे पृष्ठभागाचाही वाटा होता, लहान पण होता. अहवालात हे जसंच्या तसं लिहावं, असा मी आग्रह धरला. एकच खलनायक असला की गोष्ट छान होते, पण उरलेला फरक झाकून ठेवला की पुढच्या उन्हाळ्यात तोच नव्या नावानं समोर येतो.

मग गाडी लिफ्टवर घेतली. चाक उतरवलं, डिस्क नटांनी जागेवर पक्की केली आणि हबवर टॉर्क रेंच लावून हळू फिरवायला किती जोर लागतो ते मोजलं. आधी कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, काढून, बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा हिस्सा कळावा म्हणून. मग कॅलिपर बसवून, ब्रेक हलका दाबून सोडल्यावर. आणि शेवटी एकानं आत बसून पेडलवर सगळं वजन टाकलं आणि पाय उचलला. हलक्या दाबानंतर डिस्क जवळजवळ मोकळी फिरत होती. जोरात दाबून सोडल्यावर पॅड डिस्कला घासत राहिल्याचा खर्रर्र आवाज कानाला ऐकू येत होता, आणि काटा वर सरकला होता. पुढच्या चाकांना जास्त, मागच्यांना कमी. ०.३ मीटर त्रिज्येच्या चाकांवर २० न्यूटन म्हणजे चारही चाकं मिळून ६ न्यूटन-मीटर. रेंचवर निघालेली बेरीज त्याच्या जरा खाली होती, ट्रॅकवर पडलेल्या दरीला शोभेल अशी.

डिस्कब्रेकमध्ये पॅड मागे खेचणारी स्प्रिंग बहुतेक गाड्यांत नसते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. ते काम एक रबरी रिंग करते. पिस्टनभोवती खाचेत बसलेली, चौकोनी छेदाची. मुख्य काम तेल अडवणं. पण पिस्टन पुढे सरकतो तेव्हा ती त्याला धरून थोडी वाकते, आणि पेडल सुटलं की सरळ होताना पिस्टनला मिलीमीटरच्या अंशाएवढं मागे ओढते. तेवढ्या फटीवर पॅड मोकळा होतो. जोरात ब्रेक लागला की मात्र आणखी एक गोष्ट घडते. तेलाच्या दाबानं कॅलिपरचं ओतीव लोखंडच किंचित फाकतं, वळकटीत जास्त कपडे कोंबल्यावर पट्टा ताणतो तसं. पिस्टन त्या ताणाएवढा जास्त पुढे जातो, रिंगच्या वाकण्याची मर्यादा संपते आणि तो रिंगमधून घसरतो. दाब गेल्यावर कॅलिपर पूर्ववत मिटतो, पण रिंग पिस्टनला तेवढं मागे आणू शकत नाही. पॅड डिस्कला टेकलेला राहतो. पुढे खड्डे आणि वळणं त्याला हळूहळू ढकलून मोकळा करतात, पण सरळ, गुळगुळीत ट्रॅकवर ते चटकन होत नाही.

रिंग किती वाकेल, हे खाचेच्या तोंडाशी दिलेला उतार ठरवतो. आमच्या गाडीत तो उतार मुद्दाम कमी ठेवला होता. का, ते ब्रेकच्या टीमला विचारल्यावर कळलं. रिंग जास्त मागे ओढेल तर फट वाढते, आणि फट वाढली की पुढच्या वेळी पेडल आधी रिकामं खाली जातं. आधीच्या मॉडेलबद्दल गिऱ्हाइकांची तक्रार हीच होती, "ब्रेक खाली लागतो." ती त्यांनी दूर केली होती, त्याबद्दल त्यांचं कौतुकही झालं होतं. त्यांच्या चाचणीत घासणारा पॅड मोजला जात नव्हता आणि आमच्या चाचणीत पेडल. दोन्ही टीम एकाच इमारतीत बसतात, कँटीनमध्ये एकाच टेबलावर जेवतात.

नियमात बसतंय ना?

खरा वाद यानंतर झाला. प्रमाणपत्रासाठी कुठला आकडा द्यायचा?

मोठ्या बैठकीत एकानं बरोबर मुद्दा काढला. डब्ल्यूएलटीपी ही जी जागतिक पद्धत आहे तिच्यात ब्रेकची व्यवस्था लिहूनच ठेवली आहे. गाडी तापवण्याआधी एकदा, ताशी ८० वरून २० वर, ५ ते १० सेकंदांत, बेताचा ब्रेक लावायचा. त्यानंतर ब्रेकला हात लावायचा नाही, मागेपुढे करायचा नाही. म्हणजे पॅडचं घासणं आकड्यात फार फरक पाडतं, हे नियम लिहिणाऱ्यांना चांगलं माहीत होतं. कुणी हातानं पॅड मागे ढकलून मोजू नये आणि कुणाचा दाबलेला ब्रेक आकडा बिघडवू नये, दोन्हींचा बंदोबस्त त्या एका वाक्यात आहे. त्या रीतीनं मोजलं तर आमचा आकडा जानेवारीच्या जवळ जातो. "नियमात बसतंय ना? मग झालं," असं प्रोजेक्टवाल्यांचं म्हणणं.

यावर त्या मुलीनं विचारलं, "सर, गाडी घेणारा राजवाड्याच्या गर्दीत पण बेताचाच ब्रेक लावणार आहे का?" बैठकीत हसू पिकलं, पण उत्तर कुणी दिलं नाही.

या आकड्याशी खेळ केला की काय होतं, हे बाहेर घडून गेलेलं आहे. ह्युंदाई आणि कियाला नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत सुमारे ९ लाख गाड्यांचं मायलेज कमी करून जाहीर करावं लागलं. मूळ कोस्ट-डाऊनमध्येच होतं, आणि सगळ्या रनचा सरासरी निकाल घेण्याऐवजी सोयीचे निकाल उचलले, हा तिथल्या सरकारचा आक्षेप होता. २०१४ मध्ये त्यांना १० कोटी डॉलर दंड झाला. एप्रिल २०१६ मध्ये मित्सुबिशीनं कबूल केलं, की ६ लाख २५ हजार छोट्या गाड्यांसाठी दिलेला हाच आकडा फिरवलेला होता. त्यातल्या बहुतेक गाड्या निसानच्या नावानं विकलेल्या होत्या, आणि विसंगती निसानच्याच मोजमापात पकडली गेली.

आमचं प्रकरण त्या जातीचं नव्हतं, हे मला स्पष्टपणे नोंदवायचंय. कुणी काही लपवलं नव्हतं. नियमाप्रमाणे मोजलेला आकडा देणं हे खोटं नाही. सगळ्या कंपन्या एकाच रीतीनं मोजतात म्हणून तर दोन गाड्यांची तुलना होऊ शकते, आणि आपण एकट्यानं जास्त कडक मोजून स्वतःची गाडी वाईट दाखवावी असं मीही म्हणणार नाही. पण नियमाचा आकडा मिळाल्यावर दुसरा आकडा कपाटात टाकणं, हा संशोधन विभागाचा धंदा नव्हे. प्रमाणपत्राचा आकडा विक्रीसाठी लागतो. गाडी सुधारायला दुसराच उपयोगी पडतो.

शेवटी प्रमाणपत्रासाठी ठरलेल्या रीतीनंच मोजायचं ठरलं. अंतर्गत अहवालात दाबून ब्रेक लावलेला आणि न लावलेला, दोन्ही वक्र एकाच पानावर गेले. आणि ब्रेकचा आराखडा पुन्हा उघडला.

खाचेचा उतार वाढवणं हा स्वस्त उपाय. नमुने करून पाहिले. घासणं कमी झालं, पण पेडल खाली गेलं आणि ब्रेकच्या टीमनं हात वर केले. जुनी तक्रार ते पुन्हा ओढवून घेणार नव्हते, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. दुसरा उपाय त्यांनीच सुचवला: कॅलिपरचा वरचा पूल, म्हणजे डिस्कच्या वरून जाणारा भाग, जाड करायचा. तो कमी फाकला तर पिस्टन जास्त पुढे जाणार नाही, रिंगमधून घसरणार नाही, आणि पेडलही आखूड राहील. दोन्ही टीमना हवं ते एकाच बदलात मिळत होतं. अडचण वजन आणि पैशाची. ओतीव लोखंड वाढतं, साचा बदलावा लागतो, पुरवठादार नवा दर मागतो. खरेदी विभागानं विचारलं की रोलरवरच्या चाचणीत यानं किती फायदा दिसेल. खरं उत्तर असं होतं, की फारसा नाही, कारण त्या चाचणीत हा तोटा दिसतच नव्हता. गिऱ्हाइकाच्या पेट्रोलमध्ये दिसेल.

या उत्तरावर पैसे मंजूर होतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. झाले, पण फक्त पुढच्या चाकांसाठी. मागे खाचेचा उतार थोडा वाढवून भागवलं. मागचे पिस्टन लहान असल्यानं तेल कमी लागतं आणि पेडलवर त्याचा परिणाम थोडाच जाणवला. नव्या कॅलिपरची गाडी पुढच्या थंडीत ओव्हलवर आणि नंतर सरळ ट्रॅकवर, दोन्हीकडे चालवली. दाबून ब्रेक लावल्यानंतरची दरी बंद झाली नाही, पण निम्म्याहून खाली आली.

लॉगशीटला नवा रकाना आला: मागील रननंतर ब्रेक, कसा, किती वेगावरून. भरायचं काम ड्रायव्हरचं. पृष्ठभागाचा उरलेला फरक त्या मुलीकडे सोपवलाय. दोन्ही ट्रॅकच्या खडबडीतपणाची मोजणी तिनं मागितली आहे आणि टायरच्या दोन वेगळ्या जोड्या. टायर आले आहेत, ट्रॅकची तारीख अजून मिळायची आहे.